घोड्याले देलेला शब्द

नाई नाई, दीक्षाताई, वर नका जाऊ — बसा इथंच. बाईसाहेब निजल्या हायेत. अकोल्याहून या उन्हात अमरावतीले आल्या तुमी, चहा तरी घ्या. वसतिगृहाच्या कार्यक्रमासाठी त्याईची कविता पायजे, हो ना? मालूम हाये मले. तुमच्यासारख्या पोरींसाठी बांधलं ना त्याईनं ते, अन् तथी राहून तुमी तहसीलात साहेब झाल्या — सांगत राहतात त्या येणाऱ्या-जाणाऱ्याले. कविता अन् घोडे, बाईसाहेबांले दोनच नाद. पुण्याच्या रेसमधी आपले सहा घोडे पळाले, अन् सहाहीले चारापाणी, खरारा करणारा सईस हा देवीदास. नावं त्याच ठेवत. अन् एक कायदा होता त्याईचा — जो शब्द घोड्याले देला, तो मंग कवितेत नाई. एकाचं नाव सांजवारा ठेवलं. आता पुस्तकं चाळा सारी, सांजवारा सापडला तर मले सांगा. म्हणे, देवीदास, देलेला शब्द वापस घेत नसतात.

तोच सांजवारा पाय मोडून पडला. मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसलेला. घोड्याचा पाय नाई जुडत, ताई. डॉक्टर सुई भरून उभा, अन् बाईसाहेब त्याच्या आयाळीवरून हात फिरवत राहिल्या. मंग म्हणे, झोपवा त्याले. एका सुईत गेला तो. बस, तवापासून तो शब्द बी घोड्याचा झाला. घरात कोणी झोपा म्हटलं का भडकत — माणसाले निजा म्हणावं, निजा! वीस वर्सं झाली, माझ्या बी तोंडात तेच बसलं.

आज सकाळी न्हाणीत पडल्या ना त्या. खुब्याचं हाड गेलं असन — लय कण्हत होत्या. दवाखान्यात नाई म्हणे. मी उचलून खुर्चीत बसवलं, तर माझा हात धरला अन् म्हणे — देवीदास, झोपव मले. मी दोनदा इचारलं, ताई, देवाशपथ दोनदा. झोपव म्हणे, लवकर झोपव. आता तुमीच सांगा, तुमी शिकलेल्या — शब्दाले इतकी जपणारी बाई, चुकन का? दुखण्याच्या गोळ्या होत्याच कपाटात. दुधात घोळून साऱ्या पाजल्या, मायसारखं डोकं धरून. शांत गेल्या — निजल्या, निजल्या म्हणून राहिलो मी.

एकच खटकते. डोळे मिटता मिटता त्याईनं पलंगाकडे बोट केलं. काहून केलं असन? खुर्चीत पाठ दुखत असन, नाई? नुसतं आडवं व्हायचं होतं का त्याईले? इतक्या दुखण्यात माणूस शब्द निवडते का, ताई?

कोणाले फोन लावून राहिल्या? ठेवा तो. नाई — लावा. लावाच. मी कुठं पळून नाई जात. तुमी फक्त वर नका जाऊ. केस विंचरायचे राहिले हायेत त्याईचे, तशा कोणासमोर नाई येत त्या. जा तुमी. गेटबाहेर थांबा.