भाचीला मिळालेला आधार

...नाही, मला सांगा, आधार द्यायचा तर निदान बसायला खुर्ची तरी द्याल की नाही? मेळावा तरुण जलशास्त्रज्ञांना आधार देण्याचा, आणि तरुण सगळे भिंतीला टेकून उभे! खुर्च्यांवर कोण? पेन्शनीतले! आधार म्हणे, आधार!

तुम्हाला सांगतो, माझी भाची तिथे हौस म्हणून नव्हती गेली. दोन वर्षं वणवण करून पोरीने एकशे चाळीस विहिरींचं पाणी तपासलं, चपला झिजल्या, कुत्री मागे लागली, पण नोंदवही सोडली नाही! एका वस्तीतल्या विहिरीचं पाणी तान्ह्या मुलांना पाजण्यासारखं नाही, हे तिनेच शोधलं. आणि संस्थेच्या अहवालावर नाव कुणाचं? तिच्या साहेबांचं! विहीर शेवटची कधी पाहिली ते त्यांनाही आठवणार नाही! वर महिन्याभरात हिचं कंत्राट संपणार. म्हणून गेली बिचारी, कुणीतरी वाट दाखवेल म्हणून.

तर स्टेजवर एक आजोबा, घसा खाकरून, 'आमच्या वेळी आम्हाला कुण्णी विचारत नव्हतं...' अहो, मग आता तुम्ही तरी विचारा ना! मग एक बाई, 'निराश व्हायचं नाही हं!' झालं! हिने हात वर केला, तर 'प्रश्न जेवणानंतर.' जेवणानंतर काय, तर 'वेळ संपली.' आधार म्हणे, आधार! शेवटी चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एक मार्गदर्शक नेमला. हिने चिठ्ठी उघडली... साहेब! तेच साहेब! हसत आले, 'काही अडचण असली तर अगदी मोकळेपणाने सांग.'

सांगितली की! भर सभागृहात! 'सर, अहवालातून माझं नाव का काढलं?' नंतर मला म्हणाली, 'मामा, हा आवाज माझाच का, असं वाटलं मला.' आणि साहेब? 'तो... तो जागेचा प्रश्न होता.' जागेचा! साहेबांच्या पदव्यांना दोन ओळी, आणि हिच्या चार अक्षरांना जागा नाही!

जिन्यात जाऊन रडत बसली, तर एक मुलगी शेजारी टेकली. 'माझंही काढलंय.' मग आणखी एक. मोजता मोजता नऊ जण! एकीने हिची वही चाळली, तारीखवार नोंदी बघितल्या आणि खेकसलीच, 'अगं, रडतेस काय? पुरावा आहे हा!' तिथेच पायरीवर संस्थेला पत्र लिहिलं, नऊ सह्या ठोकल्या. तीन आठवडे टोलवाटोलवी झाली, पण नाव छापावं लागलं. त्या विहिरीला कुलूप लागलं, वस्तीत टँकर सुरू झाला. कंत्राट वाढलं... सहा महिने. सहाच! आणि संस्थेने पत्रक काय काढलं? 'आमच्या मेळाव्याचं घवघवीत यश!' आधार म्हणे, आधार!

आता दर रविवारी नऊच्या नऊ जण आमच्या घरी. एकमेकांचे अर्ज तपासतात, मुलाखतींची तयारी करून घेतात, कुणाचं नाव गळालं की लगेच पत्र! मी चहा करतो. गेल्या रविवारी चहा ठेवायला गेलो, तर यांनी माझ्याच नळाचं पाणी तपासून ठेवलेलं... नापास! अहवाल दिलाय मला, नऊ सह्यांचा.

चला, निघतो... टाकी घासायचीय.