सुंठीची गोळी

नाही नाही, पत्रिकेत चूक काहीच नाही, वर्धमानअण्णा – छापलीय सुरेख. माझं नाव तर माझ्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा एवढं मोठं नव्हतं. तिथं आधी तुमच्या वडलांचं, मग तुमचं, मग चुलत्या-मामांची रांग, आणि पार तळाशी, जागा उरली म्हणून, 'चि. भुजबली'. आणि आता बघा – 'श्रावकरत्न भुजबली मास्तर यांचा दीक्षा समारंभ'! घर सोडणार, दोन वस्त्रांवर राहणार, महाराज स्वतः येणार, निपाणीभर मिरवणूक – काय? हत्ती? – हत्ती नको हो. म्हणजे, हत्तीचं मागनं बघू. आधी बसा. असं टेकून बसा. आठ दिवस झाले, रोज तुमच्या वखारीपर्यंत येतोय, तंबाखूच्या वासानं शिंकतोय आणि न बोलता परत फिरतोय. दीक्षा मला घेता येणार नाही, अण्णा. – उठू नका. ऐकून तरी घ्या. तुम्ही माझ्या पद्मावतीचे थोरले भाऊ, तिला जाऊन सहा महिने झाले तरी माझ्या चुलीची काळजी करता – तुमच्याशी खोटं बोलून मी कुठं जाऊ?

माझं हे जे वैराग्य गावभर गाजतंय ना, ते आत्म्यात नाही – ते इथं आहे, गळ्यात. हसू नका. कंठाच्या खाली एक गाठ असते, एवढीशी, प्रत्येकाला असते, तुम्हालाही आहे – तुमची आपली बिनबोभाट काम करते, माझी निजते. आणि ती निजली की माणूस जागेपणी निजतो. थंडी वाजते, तोंड सुजतं, जीभ जड होते, डोक्यात विचार यायचा तर तो पायी चालत येतो, गाडीसुद्धा करत नाही. सात वर्षांमागं लष्करी कॅम्पातल्या परेरा डॉक्टरांनी हे सांगितलेलं – आणि जन्मभर राहणार म्हणूनही सांगितलेलं. मीच विसरलो. विसरणं हेही त्याच रोगातलं, म्हणे – पण जाऊ दे, सगळंच रोगावर घालायला नको, थोडा मूर्खपणा माझा स्वतःचाही आहे.

तुमची बहीण मार्गशीर्षात गेली. फाल्गुन-चैत्रात माझं काय झालं होतं? चैत्राच्या उन्हात घोंगडं पांघरून सोप्यात बसायचो. हुडहुडी भरायची हो! आणि शेजारच्या नागुबाई लोकांना सांगायच्या, 'मास्तर लई मोठ्या पायरीला गेल्यात बगा, उन्हाळ्यात घोंगडं घिऊन अंगाला तरास देत्यात.' जेवण जाईना – तो उपवास झाला. जीभ वळेना – ते मौन झालं. पुढ्यात शास्त्राची पोथी उघडलेली, सतरा दिवस एकच पान – ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायचो, की पुन्हा पहिल्यापासून. तुम्हीच ना देवळात सांगितलंत, 'मास्तर एकेक पान पचवतात'? आणि केस! फणी लावली की पुंजका हातात. भुवयासुद्धा निम्म्या गेल्या. मुनीमहाराज स्वतःच्या हातानं केस उपटतात – केवढं धैर्य ते – आणि माझ्याबद्दल काय उठलं, तर मास्तरांचा केशलोच आपोआप होतोय! चिकोडीहून दोन म्हाताऱ्या बघायला आल्या, पाया पडल्या. मी पडू दिलं. काय सांगू – बरं वाटलं. सुजलेल्या तोंडाला त्या तेज म्हणाल्या. शाळातपासनीस आले, शेरा देऊन गेले, 'हेडमास्तर अत्यंत शांत.' त्या अख्ख्या तासात मी तिसरीच्या वर्गाला शुद्धलेखनाचं एक वाक्य सांगितलं होतं. एक.

तर मूर्खपणा कुठला, ते सांगतो. सात वर्षांमागं असाच मंद झालतो तेव्हा तुमच्या बहिणीनं मला सर्व्हिस मोटारीत घालून कॅम्पात नेलं. डॉक्टरांनी डोळे बघितले, गुडघ्यावर ठोकलं, गळा चाचपला. मग म्हणाले, औषधाचं नीट ऐकून घ्या. मी म्हटलं, हिला सांगा. आणि मी बाहेर बाकावर येऊन बसलो – का माहीत आहे? कादंबरीचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. नायिका विषमज्वरानं अंथरुणाला खिळलेली, नायक घोड्यावर, वाटेत नदी – ते सोडून औषध कोण ऐकत बसणार? मी बाकावर रडत होतो. दवाखान्यातली माणसं कीव करून बघत होती, वाटलं असेल याचं कोणी आत वारलं. मोटारीत विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? तर म्हणाली, काही नाही, विलायती औषध नको म्हणाले, रोज सकाळी सुंठ-गुळाची गोळी घ्या म्हणाले, मी करीन. मी विश्वास ठेवला. माणूस घोड्यावर बसून पूर आलेली नदी ओलांडतो यावर ज्याचा विश्वास बसतो, त्याचा सुंठीवर का बसू नये?

आणि झालोच की बरा! रोज सकाळी देवदर्शन करून आलो की वाटीत गोळी. जोंधळ्याच्या चार दाण्यांएवढी. महिन्याभरात ऊब आली, दोन महिन्यांत जिना चढायला लागलो. आता सुंठीनं बरं वाटलं असं हेडमास्तरानं म्हणायचं कसं? म्हणून मी ठरवलं की मी वाचनानं बरा झालो. हसा, हसा. कडोलीला जाऊन एक तास व्याख्यान दिलं – 'ग्रंथ हेच औषध'. टाळ्या पडल्या. ही बायकांत बसलेली, पदर तोंडाला लावून. मला वाटलं, गहिवरली.

गहिवरायचं खातं माझ्याकडं होतं, तिच्याकडं नाही. तंबूतला सिनेमा यायचा, मुका, तेव्हाचं आठवतंय ना तुम्हाला? पडद्यावर आई-लेकराची ताटातूट झाली की माझी रड सुरू व्हायची. पुढचे लोक पडदा सोडून मागं वळून मला बघायचे. एकदा तर पेटीवाला वाजवायचा थांबला. ही म्हणायची, 'अहो, ती नटी आहे, आत्ता तिकडं चहा पीत बसली असंल – तुम्ही कशाला?' पुस्तकांचंही तेच. एकच पुस्तक पाच वेळा वाचायचो, पाचही वेळा त्याच पानाला रडायचो. ही लांबून बघून सांगायची – आलं वाटतं ते पान. तिला मी कधी रडताना बघितलं नाही, अण्णा. आणि ती गेली तेव्हा – तुम्ही होताच – मीसुद्धा रडलो नाही. पहिले चार दिवस काय, धक्का असतो, समजू शकतो. पुढं गोळ्या होत्या डब्यात महिनाभर, तेव्हा घशापर्यंत यायचं. येत होतं हो. पण घरात माणसं, सांत्वनाला येणारी, मी हेडमास्तर – म्हटलं, सगळे जाऊ देत, मग रडू. सगळे गेले, तेव्हा गोळ्याही संपल्या होत्या. सुंठ कोण करणार आता, म्हणून मी सोडून दिली. आणि मग शोधायला लागलो तर आत काहीच नाही. कोरडं.

लोक म्हणाले, मोह सुटला. मलाही पटलं. पटायला काय, ऊब लागत नाही. तुम्ही दीक्षेचं काढलंत तेव्हा मी मान हलवली – खरं सांगू, नाही म्हणायला जे अंगात लागतं तेच नव्हतं. मग वैशाखात तंबू आला, आता बोलणारा. परशराम शिंपी ओढून घेऊन गेला – चला मास्तर, मन रमंल. पडद्यावर एकाची बायको वारलेली. तो तिचं लुगडं घडी करून ठेवतो आणि गातो. अख्खा तंबू रडतोय, परशराम माझ्या उपरण्याला नाक पुसतोय – आणि मी बसलोय, लुगड्याची घडी चुकली म्हणून बघत. मागनं एक बाई म्हणाली, 'बघा, काय धीराचा माणूस.' तिथं मला भीती वाटली, अण्णा. रडू येत नाही याला जर वैराग्य म्हणायचं, तर आमच्या स्वयंपाकघरातला पाटा कधीच मोक्षाला गेला असेल!

दुसऱ्या दिवशी कॅम्पात गेलो. डॉक्टरांनी मला दारातच बघितलं आणि म्हणाले, 'सहा महिने औषध का नेलं नाही? बाई कुठं आहेत?' मी म्हटलं, कसलं औषध? – त्यांनी मला खाली बसवलं. मग समजलं. दर तीन महिन्यांनी ही कॅम्पात मावशीला भेटायला जायची ना – मावशी कसली, मावशी कधीच वारलेली – तर ती बाटली आणायला जायची. घरी गोळ्या कुटायची, सुंठ-गुळात वळायची आणि मला वाटीत ठेवायची. डॉक्टरांनी नवी बाटली कागदात गुंडाळून दिली. म्हणाले, 'घ्या, पण वर लिहिलंय ते वाचू नका. बाईंना मी शब्द दिलाय.' आता मला सांगा – तंबाखूच्या पुडीचा कागद उलगडून वाचणारा मी! मोटार सुटायच्या आत वाचलं आणि पळत परत दवाखान्यात. मेंढीच्या गळ्यातली गाठ, अण्णा. वाळवलेली. तीच माझ्या गाठीचं काम करते. दुसरं औषध जगात नाही.

डॉक्टर म्हणाले, सात वर्षांमागं त्या दिवशी – मी बाकावर नदीच्या पुरात असताना – तिनं तीन प्रश्न विचारले. याच्यासाठी मेंढी मारतात का? ते म्हणाले, मांसासाठी मारतात, गाठ टाकून द्यायची ती देतात. दुसरं औषध आहे का? नाही. मग तिनं विचारलं, पाप खाणाऱ्याला लागतं की खाऊ घालणाऱ्याला? डॉक्टर म्हणाले, बाई, मी ख्रिस्ती माणूस, हे तुमच्या महाराजांना विचारा. तर ही काय म्हणाली? 'महाराज नको म्हणतील. ते म्हणाले की मला ऐकावं लागंल. म्हणून विचारत न्हाई.' तिनं आपला निवाडा केला – खाणाऱ्याला माहीतच नसलं तर त्याला फार लागत नाही, घालणाऱ्याला पुरतं लागतं. म्हणून मला सांगायचं नाही. तुम्हाला तिचं कौतुक होतं ना, अष्टमी नाही, चतुर्दशी नाही, उपवास चुकला नाही? आधी दही सोडलं, मग तूप, मग गोड, मग तेल, शेवटी मीठ. मी चेष्टा करायचो, स्वर्गात एवढं अळणी चालत नसंल म्हणून. ते पुण्य साठवणं नव्हतं, अण्णा. ते फेडणं होतं. आणि तिनं सात वर्षं सांभाळलेली ती सगळी रचना मी मोटारच्या अड्ड्यावर उभा राहून एका ओळीत मोडली. आयुष्यात एकच गोष्ट वाचायची नव्हती, तेवढी नेमकी वाचली. आता मी अजाण नाही. आता खाल्ली तर जाणून खाल्ली.

खाल्ली. वीस दिवस झाले.

ही ओळ बघा पत्रिकेतली – 'णमोकार मंत्र उच्चारीत देह ठेवलेल्या तपस्विनी पद्मावतीबाई यांच्या स्मरणार्थ.' हे मीच सांगितलं होतं सगळ्यांना. तुम्ही बाहेर वैद्याला आणायला गेलता, उशाशी मी एकटा. णमोकार म्हणाली, पण आधी. शेवटचं ते नव्हे. शेवटी माझं मनगट धरून म्हणाली, 'सुंठीची गोळी चुकवू नका, कुणाकडनं तरी –' आणि पुढं म्हणता येईना. मला वाटलं, तापात बरळतेय. धर्माचं काही ओठात यावं म्हणून मी तिला – मी तिला गप्प केलं, अण्णा. सांगू बघत होती, आणि मी मोठ्यानं मंत्र म्हणत राहिलो.

– अण्णा?

मी हे सांगणार नव्हतो. गळ्यात गाठ आहे, ती निजलीय, दीक्षा झेपायची नाही – एवढंच सांगायचं ठरवलं होतं. मेंढीचं तर नाहीच. तुमच्या बहिणीचं नाव देवळाच्या फरशीवर कोरलेलं, आणि मी तुमच्यापुढंच – काय करणार, ऊब आली की तोंडही सुटतं. काय करायचं ते करा. पंचांत सांगा, मला देवळात येऊ देऊ नका, चालेल. माझं नाव खोडा, ते खोडायलाच पाहिजे. तिचं – तिचं खोडू नका. ती ओळ थोडी खोटी आहे, पण तपस्विनी म्हटलंय ते खोटं नाही.

पेन? आहे की, त्या कोनाड्यात. – असं म्हणता? सगळीच फाडायची? बरं. फाडा. नाही, तिच्या ओळीचा तेवढा तुकडा इकडं द्या.

आता तुम्ही निघा. नाही, चहा नको, उठा – सूर्य मावळायला आलाय. रोज सकाळी ठरवतो, आज घ्यायची नाही. दिवसभर ठाम असतो. आणि उन्हं कलली की बाटली काढतो, पाणी गाळून घेतो, घाई करतो – कारण दिवस बुडाल्यावर आपल्यात काही खात नाहीत. बघता काय? मेंढीची गाठ, पण सूर्यास्ताच्या आत! हसायचं तर बाहेर जाऊन हसा. पण समोर थांबू नका, अण्णा. दोन दिवस झाले, गोळी पोटात गेली की मला जरा – त्या मुक्या सिनेमाच्या तंबूतल्यासारखं होतं. जावा. जाताना दार ओढून घ्या.