गुडघ्यासाठी कोण मागणार

दवाखान्यात नंबर लागेपर्यंत शिवणकामवाल्या बाईंचे कान पुढच्या बाकावरच्या दोन रंगाऱ्यांकडे लागले होते.

"आठ दिवस त्या घरी रंग दिला. जेवायच्या आधी सगळे डोळे मिटून प्रार्थना करायचे."

"आणि तू?"

"मी टकामका बघायचो. देव मानत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं."

"मग?"

"त्या घरच्या आजी म्हणाल्या, असू दे. माझ्या बायकोचा गुडघा दुखतो कळल्यावर रोज त्यासाठी देवाकडे मागायच्या."

"बरा झाला?"

"कुठला. आहे तस्साच आहे."

"मग विषय संपला."

"संपतोय कुठं? काल काम संपलं, आज बायको विचारते, आता माझ्यासाठी कोण मागणार?"

"काय सांगितलंस?"

"मीच डोळे मिटले. पण बोलायचं कुणाशी, तेच कळेना."

"उघडायचे मग."

"कसे उघडू? ती समोर गुडघा पुढे करून बसली होती."