आणि मी? मी गप्प

थांबा, तुमचं नंतर सांगा, आधी माझं ऐका, नाहीतर विसरेन मी... छत्री तिथे कोपऱ्यात उभी करा, गळू दे गळायची तेवढी, मी फडकं टाकलंय. हं, तर काय सांगत होते, नवस. नवस बोलावा पण जरा बेतानं बोलावा, एवढं शहाणपण मला सात वर्षांपूर्वी कुणी द्यायला नको होतं का? आता उपास म्हणा, अनवाणी चालणं म्हणा, मला कशाचंच काही वाटत नाही. वर्षातले निम्मे दिवस माझं पोट रिकामंच असतं, देवालाही त्याची सवय झालीय. तेव्हा मी म्हटलं, देवा, या वेळी जे सगळ्यांत जड जाईल ते देते. माझी धाकटी बहीण पुन्हा माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेल, त्या दिवशी सकाळपासून तुझ्यापुढे सांजेचा दिवा लागेपर्यंत मी मौन धरीन. बोलणार नाही, लिहून दाखवणार नाही, हातवारे करणार नाही, आणि नवस फिटेपर्यंत हे कुणाला कळू देणार नाही. झालं, बोलून बसले. मोठ्यानं बोलले, कारण मनातल्या मनात बोलणं मला देवाशीसुद्धा जमत नाही, त्यामुळे शेजारच्या खोलीत बसलेल्या आमच्या ह्यांना सगळं कळलं. हे घड्याळं दुरुस्त करतात, डोळ्याला भिंग लावून बसलेले असतात. ते भिंगही न काढता म्हणाले, "दिवसभर? तू?"

आता हसू नका. भांडण साधं नव्हतं हो. धाकटीला दिवस गेले होते, पाचवा महिना होता, आणि ते बाळ गेलं. आणि मला, तिच्या सख्ख्या बहिणीला, हे चार दिवसांनी तिच्या सासूबाईंकडून कळलं! मी किती उपास धरले होते त्या बाळासाठी, तुम्हाला कल्पना नाही. मग मी फोन केला आणि वाट्टेल ते बोलले. परकी केलंस मला म्हटलं, आईच्या माघारी मी तुला वेणीफणी करून वाढवलं ते यासाठी का म्हटलं, आणखीही बोलले, ते आता सांगवत नाही. ती एक अक्षर बोलली नाही. त्या दिवसापासून सात वर्षं ती आली नाही. लग्नाकार्याला चिठ्ठी यायची, ती येत नव्हती.

आणि गेल्या आठवड्यात ह्यांच्या दुकानात फोन आला, की तिच्या यजमानांचं कामानिमित्त इकडून जाणं आहे, उद्या सकाळी सातला येतो, संध्याकाळी साडेसातच्या बसनं पुढे जातो, चालेल का? चालेल का म्हणे! मी रात्रभर कपाटं आवरली, मनातल्या मनात सात वर्षांच्या गप्पांची उजळणी केली, आणि पहाटे आंघोळ करताना डोक्यावर तांब्या ओतला आणि आठवलं... नवस.

सात वाजता दार वाजलं. दारात धाकटी, कानशिलाजवळ पांढरे केस, मला बघून म्हणाली, "ताई."

आणि मी? मी गप्प.

अहो, हसू तरी आलं का मला धड? रडू आवरायला तोंड दाबून धरलं होतं, ते तिला कसं दिसलं असेल, तुम्हीच सांगा. हे लगबगीनं पुढे झाले आणि म्हणाले, तिचा घसा बसलाय. ती हं म्हणाली. इतपत ठीक होतं, पण चहा गाळताना मला शिंक आली, आणि माझी शिंक तुम्हाला माहीत आहे, खालच्या मजल्यावरचा शिंपी विचारतो कधीकधी काय पडलं म्हणून. अशी खणखणीत शिंक! बसलेल्या घशाची बाई अशी शिंकते का कुठे? धाकटीनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मग बघायचंच सोडलं.

बाहेर पाऊस असा, की समोरची इमारत दिसेना. आमचा बेत होता तळ्यावर नावेत बसायचं, टेकडीवर जायचं. सगळं पाण्यात. पण तिचे यजमान भारी हौशी. ते पुलांचे इंजिनिअर, आम्ही त्यांना घरात मोजपट्टी म्हणतो, कारण जिथे जातील तिथे छत किती उंच आणि पायऱ्या किती, हे आधी बघतात. त्यांनी स्टेशनवरून एक पत्रक आणलं होतं, पावसाळी दिवशी शहरात छपराखाली काय पाहाल. पाच ठिकाणं. पेन्सिलीनं क्रम लावून, मधली अंतरं लिहून तयार. म्हणाले, घरात बसून काय करणार, ताईंना बोलताही येत नाहीये. चला.

पहिलं मत्स्यालय. तुम्ही गेलाय कधी? अंधारी लांबलचक खोली, दोन्हीकडे काचा, आत निळा उजेड, आणि ओल्या कपड्यांचा वास, कारण आख्खं गाव पत्रक घेऊन तिथेच आलेलं. मासे आपले तोंड उघडतायत, मिटतायत, उघडतायत, मिटतायत, आवाज नाही. मी एका जाड्या माशापुढे उभी राहिले, म्हटलं बाई गं, तुझा कसला नवस?

आणि तिथे काय व्हावं? आमचे हे बोलायला लागले. तुम्हाला सांगते, तीस वर्षांत ज्या माणसानं पाहुण्यांपुढे 'बसा' आणि 'बरंय' याच्यापलीकडे शब्द खर्चला नाही, तो माणूस बोलणाऱ्याची जागा रिकामी दिसताच बोलायला लागला! आमची नाव तळ्यात कलंडली होती ती गोष्ट. माझी गोष्ट ती! सांगितली सगळी चुकीची. नाव निळी नव्हती, हिरवी होती. पडले ते होते, मी नव्हे. आणि चप्पल वाहून गेली ती डावी. मोजपट्टी पोट धरून हसतायत, तळं किती खोल विचारतायत, हे ठोकून देतायत पंधरा फूट. गुडघाभर पाणी हो! आणि मी? मी गप्प. काचेत बघितलं तर माझंही तोंड त्या माशासारखंच उघडत-मिटत होतं.

पण मला हसू येईना. कारण त्या काचेच्या पलीकडच्या बाजूला धाकटी मोजपट्टींना बाजूला घेऊन हळूच सांगत होती, आणि त्या खोलीत हळू बोललेलंच जास्त ऐकू येत होतं. म्हणाली, "आपण दोनच्या गाडीनं जाऊ. ताईचा राग गेलेला नाही. बोलायचंच नाहीये तिला माझ्याशी, घशाबिशाचं काही नाही."

एक शब्द पुरे होता बघा. एक 'अगं' म्हटलं असतं तरी ती थांबली असती. आणि इकडे देवाला दिलेला शब्द. सात वर्षं मी रोज तिला मागितलं, त्यानं दिली, उंबऱ्यात आणून उभी केली, आणि आता मी माझा हप्ता चुकवू? आणि नाही चुकवला तर ती जाते. मी म्हटलं देवा, हा काय न्याय झाला? तर तोही गप्प. त्याचं मौन जुनं.

तिकीट बदलायला बसच्या आगारात गेलो, तर खिडकीवर पाटी, जेवणाची सुट्टी, अर्धा तास. छपरातून धारा लागलेल्या, बसायला कोरडी जागा नाही. मोजपट्टींनी पत्रक काढलं. समोरच, पन्नास पावलांवर, क्रमांक चार, जुन्या टेलिफोनचं संग्रहालय. धाकटी म्हणाली चला, उभं राहण्यापेक्षा बरं.

दोन खोल्या होत्या नुसत्या. काळे, जड, तबकडी फिरवायचे फोन मांडून ठेवलेले. तिथे एक म्हातारी बाई होती, पूर्वी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती म्हणे, पांढरी वेणी आणि कडक आवाज. दोन खोल्यांतले दोन फोन तारेनं जोडलेले, एकानं इकडून बोलायचं, दुसऱ्यानं तिकडून ऐकायचं, पाहुण्यांना गंमत. तिनं धाकटीला आधीच पलीकडच्या खोलीत पाठवलं होतं. धाकटीला वाटलं, इकडच्या फोनवर तिचे यजमान येतील. यजमान बसलेत खाली वाकून जुन्या खांबाचा घेर मोजत, आणि आमचे हे भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे असे बघतायत जसं कुणी आजारी माणसाकडे बघावं. म्हातारीनं माझा दंड धरला, खुर्चीवर बसवलं, रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणाली, "बोला. तीन मिनिटं मिळतात."

पलीकडून आवाज आला, "हॅलो? अहो?"

आणि मी? मी गप्प.

माझ्या बांगड्या वाजल्या रिसीव्हरवर. मग म्हणाली, "ताई?"

तुम्हाला सांगते, समोर माणूस नसला ना, की आवाज किती जवळ येतो. लहानपणी अंधारात शेजारी झोपून बोलायची तसा आवाज. म्हणाली, "बोलणार नाहीस, माहितीय. पण ठेवू नकोस. त्या दिवशीसुद्धा मी असाच फोन धरून उभी होते. दवाखान्याच्या जिन्याखाली. बाळ सकाळीच गेलं होतं. अजून कुणाला सांगितलं नव्हतं, पहिला फोन तुला केला. 'ताई, ऐक ना' इतकं म्हटलं. तू म्हणालीस, थांब, आधी माझं ऐक."

मला आठवलं हो. लख्ख आठवलं. तिचा फोन आला होता एकदा आणि मी केवढी खुशीत होते.

"किती उपास झाले ते सांगितलंस. टोपडं विणायला घेतलंय, पिवळ्या लोकरीचं, ते सांगितलंस. वीस मिनिटं बोललीस ताई. मागे नर्स मला बोलवत होती. तू इतकी आनंदात होतीस, तुझं बोलणं मोडायला मला जागाच सापडेना. मी बरं म्हटलं आणि ठेवला. आणि मग तूच विचारलंस, सांगितलं का नाहीस."

सात वर्षं, ऐकताय ना, सात वर्षं मी समजत होते की त्या दुसऱ्या फोनवर बोललेलं लागलं तिला, म्हणून जिभेला शिक्षा मागून घेतली. आणि खरी चूक कुठली, तर जी मी चूक म्हणून मोजलीच नव्हती. आनंदाच्या भरात केलेली.

ती म्हणाली, "ऐकतेयस ना? नुसतं एकदा वाजव काहीतरी."

मी बांगडी आपटली रिसीव्हरवर. एकदाच. आता ही खूण झाली का? झाली असेल. त्याचं देवाचं आणि माझं आम्ही बघून घेऊ.

एवढ्यात म्हातारी आली, म्हणाली तीन मिनिटं झाली, मागे रांग आहे, आणि बाई, तुम्ही तर एक शब्द बोलला नाहीत, यंत्र बिघडलंय की काय? मी मान वर करून बघितलं फक्त. तिनं माझा चेहरा बघितला, आणि चाळीस वर्षं लोकांचे फोन जोडलेली बाई ती, तिला काय सांगायचं होतं! रांगेकडे वळून म्हणाली, लाइन चालू आहे, थांबा. आणि मला म्हणाली, "आणखी तीन देते."

तिकीट बदललं नाही. खिडकी उघडून पुन्हा बंद झाली असेल, कुणी बघितलं? एका छत्रीखालून आम्ही दोघी घरी आलो, तिची उजवी बाही भिजली, माझी डावी, आणि सगळी वाट ती बोलत होती. मागून मोजपट्टी ह्यांना सांगत होते, बायको इतकी बोलते हे मला आजच कळतंय.

ढगांनी पाचलाच अंधार केला. सहा वाजून गेले तशी मी काडेपेटी उचलली, तर हे खिशातलं घड्याळ काढून म्हणतात कसे, सूर्य मावळायला अजून बावीस मिनिटं आहेत. बावीस! दिवसभर नाव निळी म्हणून सांगणारा माणूस हा, पण वेळेला पक्का. थांबले. बावीस मिनिटांनी दिवा लावला, हात जोडले, आणि ह्यांनी त्या दोघांना नवसाचं सगळं सांगितलं. धाकटी आधी हसली आणि मग तोंडाला पदर लावून बसली.

मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले, आता ही काय बोलते म्हणून. अहो, दिवसभराचं साचलेलं! नाव हिरवी होती, चप्पल डावी होती, सगळं ओठांशी आलेलं. आणि तोंडातून निघालं काय, तर, "चुकलं माझं. पुढे सांग."

तिनं सांगितलं. बस यायला तासभर होता, तेवढं सगळं सांगितलं. त्या बाळाचं नावसुद्धा ठरवलं होतं तिनं, आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते मला सांगितलं. नाही, ते मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यापाशी एक तरी गोष्ट राहू दे. जाताना पिवळं टोपडं दिलं तिला. अर्धंच होतं, सुयांसकट. तिनं पिशवीत नाही, पर्समध्ये ठेवलं. गाडीच्या खिडकीतून म्हणाली, आता दर वर्षी पावसातच येईन, क्रमांक दोन, तीन आणि पाच राहिलेत.

म्हणून एक मागते तुमच्याकडे, मनावर घ्या. नवसबिवस नको, दिवसभराचं तर मुळीच नको, जीव जातो. पण कुणाचा फोन आला, कुणी दारात आलं आणि 'ऐक ना' म्हणालं, तर त्याला तीन मिनिटं द्या. आणि चेहरा बघून वाटलं, तर आणखी तीन. करून बघा, मी केलंय म्हणून सांगते. आता मला जमायला लागलंय हे...

अगंबाई, पाऊस थांबला वाटतं. निघालात? छत्री विसराल. हो, आणि मघाशी दारातच तुम्ही काहीतरी म्हणत होतात ना मला? 'ऐका ना, ताई' असंच काहीतरी...

बसा. बसा परत, नाही सोडत मी. सांगा आता पहिल्यापासून. मी? ही बघा, मी गप्प... चहात साखर किती घालू तेवढं फक्त... बरं. बरं, नाही बोलत.