सून पुढं गेली, सासू मागं राहिली

माझं माहेर सोनारीचं, भैरोबाच्या देवळापशी आमचं घर. कोंडाबाई म्हणत्यात मला. लगीन होऊन इकडं येडशीच्या बाजूला आले तवा खुरपायचं आन शेण काढायचं, एवढंच येत होतं. मालक लवकर गेले. मंग म्हशींवर घर चालवलं, दत्ता माझा ल्योक, त्याला म्हशींनीच वाढवला म्हणा की. आता त्यो टरक चालवतो, पार गुजरातपातूर जातो, म्हयना म्हयना घरी न्हाय. घरात आमी दोघीच, मी आन माझी सून सारिका.

काय सांगू तुम्हाला, नवी आली तवा लई बारीक आवाजाची पोरगी. मला वाटलं हिचं तर म्हैस बी ऐकायची न्हाय.

तर झालं काय, आमच्या गल्लीतला एकजण सगळ्यांचं दूध गाडीवर डेअरीला न्यायचा. डेअरी गावाच्या त्या टोकाला, फाट्यापशी. त्यो गेला पुण्याला कामाला. मंग किटली डोक्यावर घिऊन चालायचं, माझे गुडघे गेलेले, आन उन्हाळ्यात दूध पोचस्तवर नासायचं. डेअरीवाला वास घ्यायचा आन परत करायचा. म्हशीनं दिलेलं तसंच माघारी आणायचं, लई जिवाला लागायचं बघा. म्या म्हणलं, सारिका, म्हशी इकून टाकू. तर ती म्हणली, इकायच्या कशाला आत्या, ह्यांची मोटारसायकल हाय की दारात.

दत्ता सुट्टीला आला तवा त्यानं ज्वारी काढलेल्या रानात शिकवलं तिला. ढेकळात पडली, उठली, परत बसली. त्यो गेला कामावर, आन दुसऱ्याच दिवशी सकाळी हिनं पदर खोचला, म्हणली, चला आत्या, किटली धरून बसा मागं.

बसले की मी. एका अंगाला पाय सोडून, किटली मांडीवर. गल्लीतल्या बाया दारात आल्या. हिनं किक मारली, गेर टाकला, आन क्लच सोडला एकदम. गाडीनं अशी उडी घेतली की, गाडी गेली पुढं, सून गेली पुढं, मी हितंच. रस्त्यात बसलेली, किटली पोटाशी धरून. दूध सांडलं अर्धं, पर किटली म्या सोडली न्हाय.

आन तिला पत्ताच न्हाय! ती आपली माझ्याशी बोलत चाललीय, आत्या भिऊ नका, आत्या आता वळण आलं. मारुतीच्या पारावर माणसं बसलेली, त्यातलं कुणीतरी वरडलं, अगं सासू कुठं सांडलीस? हिनं मागं वळून बघितलं, आन गाडी सरळ उकिरड्यात.

मला वाटलं आता ही गाडी उचलंल. तर न्हाय, गाडी तशीच टाकून पळत आली माझ्याकडं, शेणानं भरलेली, पायात चप्पल न्हाय. माझं डोकं चाचपती, पाय चाचपती, आन रडती, आत्या लागलं का, आत्या बोला की. म्या म्हणलं, अगं जिती हाय मी, गप. गुडघा खरचटला व्हता, बाकी काय न्हाय.

तोवर आमचे चुलत दीर आले पारावरनं. म्हणले, वैनी, गाडीला कुलूप लावा, ह्यो बायकांचा खेळ न्हाय. आज सासू पाडली, उद्या पोरंबाळं चिरडंल कुणाची. सारी माणसं हसाय लागली. सारिका खाली मान घालून हुबी. मला वाटलं, संपलं, पोरगी आता गाडीला हात लावायची न्हाय.

तर तिनं डोळे पुसले आन दिराला म्हणली, तुमचं खरं हाय मामंजी, पाडलं म्या. आता हळू नेते. एवढंच. त्याच बारीक आवाजात. मंग उकिरड्यापशी गेली, मी बी किटली घिऊन लंगडत मागनं, आन गाडी वढून काढली, एकलीनंच. कुणी हात लावाय आलं तर न्हाय म्हणली. किक मारती, सुरू व्हत न्हाय. परत मारती. घाम निथळतोय, माणसं बघत्यात. शेवटाला फटफट आवाज आला, तशी माझ्याकडं बघून म्हणली, आत्या, तुमी चालत या वाटलं तर.

भ्याव लई वाटत होतं मला, खोटं कशाला बोलू. पर त्या सगळ्यांच्या म्होरं मी चालत गेले असते, तर पोरगी मेल्यावानी झाली असती. म्हणलं, धर किटली, बसू दे मला. बसले, ह्या बारीनं किटली दोघींच्या मधी दाबून, तिच्या कमरंला मिठी घालून.

पहिल्याच गेरमधी नेली तिनं, सगळं गाव दणाणलं. कुत्री मागं लागली. डेअरीम्होरं ब्रेक दाबला तरी गाडी भिंतीला टेकलीच, आरसा गेला. पर अर्धी किटली दूध घातलं आमी. डेअरीवाल्यानं वास घेतला, म्हणला, ताजं हाय.

आता गल्लीतल्या सगळ्यांचं दूध तीच नेती. तिकडं धाराशिवला जाऊन लायसन काढलं. गेल्या मंगळवारी मला तुळजापूरला घिऊन गेली, वाटंत वडापच्या जीपांचे डायवर बघत व्हते आन मी ताठ बसले व्हते. आता ती शेजारच्या दोघींना शिकवती, रानात रोज कुणीतरी पडतंय.

माझं काय, आता पिकलं पान. आई भवानीनं माझ्या पोरीला औक्ष द्यावं, आन सरकारनं आमच्या गल्लीला धड रस्ता द्यावा. त्यातलं आईचं तर नक्की व्हणार, माझा भरोसा हाय.