ओरेस्टचा डावा हात

सॅस्कटूनमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात रांग लागली होती. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या मेरीलिनच्या पुढे एक तरुण ग्राफिक्स कार्ड हातात धरून उभा होता आणि त्याच्या पुढे लोकरी टोपीतल्या एक आजी.

"तापतं का रे?"

"तापायचं, आजी. आता मेलंच. गेम लावला की पंखे बोंबलायचे, मग पडदा काळा."

"आमचंही तसंच झालं. पंख्यात मांजराचे केस, चिप थंड ठेवणारी आतली पेस्ट वाळून खडखडीत, आणि एक कपॅसिटर जळलेला."

"मग फेकलंत?"

"छे. ओरेस्टनं नवा बसवला. माझा नवरा."

"तो दाण्याएवढा तुकडा? माझा तर हात थरथरेल."

"त्याचाही थरथरतो. पक्षाघाताचा झटका आला तेव्हा उजवा हात लुळा पडला. मग जुन्या रेडिओंवर डाव्या हातानं सोल्डरिंगचे डाग द्यायला शिकला. किती रेडिओ जाळले, विचारू नकोस."

"आणि कार्ड चाललं?"

"नातीनं कॉलेजची फिल्म त्याच्यावरच पुरी केली. जरासुद्धा तापलं नाही. आता शेजारीपाजारीही कार्डं आणून देतात, म्हणून पेस्ट न्यायला आलेय."

"माझं बघतील का ते?"

"गाडी लावून येतोच आहे, त्यालाच विचार. सावकाश बोलतो हं. मध्येच शब्द पुरवू नकोस, त्याला खपत नाही."

काठी टेकत एक उंच म्हातारा आत आला. तरुणानं विचारलं आणि मध्ये न बोलता उत्तराची वाट पाहिली. मागे मेरीलिननंही हातातला फोन खिशात ठेवला.

"दा... दाखव," ओरेस्ट म्हणाला आणि डावा हात पुढे केला.