टिपूस

(उंब्रजजवळचं गाव. सुट्टीवर आलेल्या जयराज फौजीचं तेरावं होऊन गेलेलं. सोप्यात त्याची आई राहीबाई आणि शेजारीण रंगुबाई. सून शिवांजली आत, स्वयंपाकघरात.)

रंगुबाई : मी वाईट बोलत न्हाई, आक्का. पर डोळ्यात टिपूस न्हाई म्हणजी काय? तिरडी उचलली तवा आख्खा गाव रडला. ही आपली दाराला धरून हुबी. दगड बरा!

राहीबाई : हळू बोल. आत हाय ती.

रंगुबाई : आयकू दे की. गिरणीत समद्या बाया तेच बोलत्यात. हिचं मन दुसरीकडंच असंल, म्हणं.

राहीबाई : कोण म्हणालं?

रंगुबाई : कुणीतरी म्हणालं. मीबी 'व्हय' म्हणाले. दळणाला नंबर यीस्तवर काय करायचं मग?

राहीबाई : दुखवट्याला बाया आल्या, गळ्यात पडून रडल्या. मला वाटलं, हीबी पडंल माझ्या गळ्यात. दोघी मिळून रडू. तर ही उठली आन् समद्यांस्नी च्या टाकाया गेली. तवाच माझं मन विटलं, रंगू. उद्या वीरधवल येतोय शिराळ्यासनं, तिचा भाऊ. मीच फोन केला. घिऊन जा म्हणलं तुझ्या भणीला.

रंगुबाई : कायमची?

राहीबाई : ते कोरडं त्वांड न्हाई बघवत मला.

रंगुबाई : बरं केलंस.

शिवांजली : आत्या, चहा. काकी, तुम्ही पण घ्या.

रंगुबाई : ठेव बाई. आगं बया! ही बोटं कशानं?

शिवांजली : काय झालं?

रंगुबाई : फोड आल्यात की टरारून! आक्का, बघ तरी.

राहीबाई : शिवा, पातेलं कशानं उतरलंस?

शिवांजली : हातानं.

राहीबाई : आन् पकड?

शिवांजली : तिथंच होती.

रंगुबाई : चटका न्हाई बसला?

शिवांजली : बसला असेल. कळलं नाही. साखर पडलीय का बघा चहात, मला आठवत नाही.

राहीबाई : बस. हितं, माझ्याजवळ बस. कवापास्नं हुतंय आसं?

शिवांजली : ते गेल्यापासून. मी कणीक मळत होते. गाडी काढली, उंब्रजला जाऊन येतो म्हणाले. मी मान वर न करताच 'बरं' म्हणाले. मग हायवेवरून फोन आला. तेव्हापासून सगळं लांबून ऐकू येतंय. रडायला लय बघितलं, आत्या. दाराआड उभी राहून डोळे चोळले. येतच नाही.

राहीबाई : मला का न्हाई सांगितलंस?

शिवांजली : काय सांगू? गिरणीतलं बोलणं माझ्या कानावर आलं. वाटलं, बायका म्हणतात तेच खरं असेल. माझा जीव नसेल त्यांच्यावर. तुम्ही एवढी वर्षं बघताय आत्या, तुम्हीच सांगा. होता ना?

रंगुबाई : गप पोरी, गप. माझी जीभ कशी झडली न्हाई!

राहीबाई : तू थांब, रंगू. शिवा, हिकडं बघ. त्याचा फोन न्हाई आला की तू माझ्या ताटात वाढायचीस आन् 'माझं झालं' म्हणून हात धुयाची. भाकरी डब्यात तशीच. मला दिसत नव्हतं व्हय? जीव हुता तुझा. माझ्यापरास कमी नव्हता.

शिवांजली : खरं सांगताय?

राहीबाई : माझंच पोर गेलंय, बाई. खोटं कुणासाठी बोलू? रडाया न्हाई आलं तर नगं यिऊ दे. ते काय कुणाला दाखवायचं हाय?

शिवांजली : बॅग भरलीय मी. दादाचा फोन आला होता, सकाळी येईल.

राहीबाई : यिऊ दे. जेवंल, आन् जाईल माघारी.

शिवांजली : आणि मी?

राहीबाई : तू मला सोडून कुठं जातीस?

रंगुबाई : आक्का, परड्यात कोरफड हाय माझ्या, घिऊन येते. पर मग दळण आणाया गिरणीवर जायाचं हाय. त्या बाया इचारतील. काय सांगू?

राहीबाई : म्हणावं, पोरीचा हात भाजलाय. आळीपाळीनं भाकऱ्या थापाया या.